घुबडाच्या डोळ्यातली दोन माणसं

घुबडाच्या उजव्या डोळ्यात दोन माणसं उभी होती.

उर्मिला जाचकनं पडद्यावरचं चित्र मोठं केलं, पुन्हा लहान केलं, चष्मा काढून पुसला आणि परत लावला. माणसं दोनच होती. जुन्या दगडखाणीच्या कडेवर, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. त्यातला एक तिचा धाकटा भाऊ तुषार होता. त्या संध्याकाळी त्याच कडेवरून पडून तो गेला, हे सगळ्या बारामतीला माहीत होतं. पण तेव्हा तो एकटा होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. पंचनाम्यात तसं लिहिलं होतं, वर्तमानपत्रात तसं आलं होतं, आणि गेली तीन वर्षं आई तेच धरून जगत होती.

उर्मिलेनं पडदा बंद केला.  मग उठून प्रयोगशाळेच्या दाराला आतून कडी घातली. या संस्थेत आल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं.

पक्ष्यांचे फोटो काढणारा कुणीही सांगेल, की फोटोचा जीव डोळ्यात असतो. पिसं थोडी धूसर चालतात, शेपटी चौकटीबाहेर गेली तरी चालते. डोळा मात्र स्वच्छ हवा आणि त्यात उजेडाचा एक ठिपका हवा. म्हणून तर आताचे मिररलेस कॅमेरे फांद्यांच्या गर्दीतूनही पक्ष्याचा डोळा आपणहून हुडकतात आणि त्याला चिकटून राहतात. उर्मिलाही खांद्यावर लांबलचक लेन्स घेऊन त्या ठिपक्यामागे उजनीच्या पाण्यापासून सासवडच्या माळांपर्यंत हिंडली होती. दिवसा ती पुण्यातल्या एका खासगी प्रकाशविज्ञान संस्थेत काम करायची, आणि तिथंच एकदा तिच्या मनात आलं, की तो ठिपका म्हणजे नुसता उजेड नाही. ते प्रतिबिंब आहे. डोळ्याचं पुढचं पारदर्शक आवरण गोल असतं आणि कायम ओलं असतं. मोटारसायकलच्या आरशासारखं ते समोरचं सगळं जग स्वतःत गोळा करतं. आभाळ, झाडं, फोटो काढणारा माणूस, सगळं तिथं असतं. फक्त फार बारीक असतं. सहाशे मिलिमीटरच्या लेन्सनं टिपलेल्या घुबडाच्या डोळ्यात माणूस उतरतो तो चार-पाच ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा. तेवढ्यावरून तो माणूस आहे की बोरीचं झुडूप, हेही सांगता येत नाही.

पण कॅमेरा सेकंदाला शंभरावर फोटो काढत असेल, तर गोष्ट बदलते. पक्षी कितीही निश्चल बसला तरी श्वासाबरोबर त्याचं डोकं केसभर हलतं. प्रत्येक फोटोत ते चार ठिपके थोडे सरकतात आणि दर वेळी थोडी वेगळी माहिती देतात. कुडाच्या भिंतीशेजारून चालत जाताना फटींमधून पलीकडचं अंगण तुकड्यातुकड्यानं दिसतं आणि डोकं त्याचं एक चित्र जुळवतं, तसंच हे. उर्मिलेच्या ‘बिंब’ या प्रणालीनं ही जुळवाजुळव करायची. चार ठिपक्यांचा माणूस तीस-चाळीस ठिपक्यांचा व्हायचा. त्यापुढचं काम ‘भरण’ नावाचा भाग करायचा. लाखो चित्रफिती पाहून शिकलेला हा भाग उरलेल्या जागा अंदाजानं भरायचा. इथं कोपर असेल, इथं बोटं असतील. तो अंदाज इतका सफाईदार असायचा, की तो अंदाज आहे हे पाहणारा विसरून जायचा.

हे सगळं केलं होतं ते पक्ष्यांसाठी. घरट्यावरचा पक्षी घाबरतो तेव्हा त्याला काय दिसलेलं असतं? मांजर, घोरपड की माणूस? ते त्याच्याच डोळ्यातून कळावं, एवढीच तिची इच्छा होती. चाचणीसाठी मोठे डोळे हवे होते, आणि आपल्याकडे शृंगी घुबडाइतके मोठे डोळे क्वचितच कुणाचे. हिंगणीच्या त्याच पडीक खाणीत, कपारीतल्या घरट्यावर बसलेल्या मादीचे असंख्य फोटो घरातच होते. तुषारच्या कॅमेऱ्यातलं कार्ड पोलिसांनी परत केल्यापासून कुणी उघडलंच नव्हतं. कामासाठी म्हणून उर्मिलेनं मन घट्ट केलं आणि ते उघडलं.

खाण घोड्याच्या नालासारखी होती. एका बाजूच्या कड्यात घुबडाची कपार, समोरच्या बाजूला तुषारचं लपण, म्हणजे गोणपाट आणि काटक्यांचा लहानसा आडोसा. त्यात तिकाटण्यावर कॅमेरा लावलेला आढळला होता, तोही आपोआप चालण्यावर ठेवलेला. पक्षी हलला की कॅमेरा स्वतःच फोटो काढणार. तुषार स्वतः मात्र लपणात नव्हता. तो नालाच्या वाकणाशी, कपारीच्या बरोबर बाजूच्या कडेखाली सापडला होता. दुसरी जागा शोधायला गेला असेल आणि पाय सटकला असेल, असं सगळ्यांनी मानलं.

त्या दिवशी त्याच्याबरोबर प्रल्हाद होले जाणार होता. प्रल्हाद म्हणजे तुषारचा पहिलीपासूनचा मित्र. ठिबक सिंचनाच्या सामानाचं त्याचं दुकान होतं, आणि कॅमेऱ्याचा नाद त्याला तुषारनंच लावला होता. ऐन वेळी फलटणला मामाकडे जावं लागलं म्हणून आपण गेलो नाही, असं त्यानं सांगितलं होतं. अंत्यविधीच्या वेळी तो उभाही राहू शकत नव्हता. तेव्हापासून दर रविवारी तो आईकडे यायचा, तिची औषधं आणायचा, टाकीचा नळ गळत असेल तर दुरुस्त करायचा. आई आल्यागेल्याला सांगायची, की देवानं एक मुलगा नेला पण एक ठेवला.

पडद्यावरच्या दुसऱ्या माणसाचा डावा खांदा खाली झुकलेला होता. लहानपणी जांभळावरून पडून प्रल्हादचं गळ्याचं हाड मोडलं होतं आणि ते तिरकं बसलं होतं. तीस ठिपक्यांतही तो उतार दिसत होता.

उर्मिलेनं पडदा पुन्हा सुरू केला आणि भरण चालू केलं.

धूसर ठिपक्यांना हातपाय फुटले. कडेवर दोन पुरुष समोरासमोर आले. झुकल्या खांद्याच्या माणसानं हात लांब केला, तळवा दुसऱ्याच्या छातीला लागला, आणि दुसरा माणूस मागं कलून कडेपलीकडे नाहीसा झाला. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांचं. तिनं ते पुन्हा पाहिलं. तळव्याची पाचही बोटं स्पष्ट दिसत होती.

दारावर टकटक झाली. संस्थेचे संचालक डॉ. फडतरे बाहेर उभे होते. गुन्हे तपासाच्या एका सरकारी विभागाचे अधिकारी पुढच्या शुक्रवारी बिंब पाहायला येणार होते, आणि दाखवायला काय काय ठेवलं आहे हे बघायला ते आले होते. उर्मिलेला पडदा बंद करायचं सुचलं नाही. त्यांनी ती चित्रफीत पाहिली, हे कोण म्हणून विचारलं, आणि तिनं सांगितल्यावर ते खुर्चीत बसले.  मग हलक्या आवाजात म्हणाले, की तिच्या दुःखापुढे बाकी काही बोलू नये हे त्यांना कळतं, पण हा खून आहे, आणि तो उघडकीला आणण्याचं साधन तिनंच बनवलं आहे. शुक्रवारी हेच दाखवू. भावाला न्याय मिळेल आणि बिंब देशभर जाईल. त्यांच्या बोलण्यात लोभ नव्हता असं नाही, पण कळकळही खरी होती. उर्मिलेनं होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही.

रविवारी ती बारामतीला गेली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. उर्मिला दारात पोचली तेव्हा आई आरामखुर्चीत मान मागं टाकून बसली होती आणि प्रल्हाद तिच्यावर ओणवा होऊन डोळ्यात थेंब घालत होता. एका हातानं त्यानं तिची पापणी वर धरली होती. उर्मिला उंबऱ्यातच थबकली. त्या हाताची बोटं तिनं चार दिवसांत शंभर वेळा पाहिली होती. धावत जाऊन तो हात बाजूला करावा असं तिला वाटलं. पण आईचा चेहरा इतका निर्धास्त होता, की तिचा पाय उचलला नाही.

जेवताना प्रल्हाद नेहमीसारखा कमी बोलत होता. आईच त्याच्या मामाकडच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती. तेवढा धागा पकडून उर्मिलेनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “प्रल्हाद, तुषार गेला त्या दिवशी तू फलटणलाच होतास ना?”

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, तो परत ताटात ठेवला.

“हो ताई,” तो म्हणाला. “फलटणलाच.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पुढचं जेवण कसं संपलं हे उर्मिलेला आठवत नाही. परतीच्या बसमध्ये ती एकच गोष्ट मनात घोळवत होती. इतकी वर्षं ज्याला घरातला मानलं त्यानं आपल्या तोंडावर खोटं बोलावं, आईच्या हातचं जेवत बोलावं, याची चीड तिच्या अंगात भिनली होती. शुक्रवारी दाखवायचं, तिनं ठरवलं. सगळ्यांना दाखवायचं.

त्यासाठी ती तयारीला लागली. आपलं काम कुणी खोडून काढू नये म्हणून ते आपणच सगळ्या बाजूंनी ठोकून पाहायचं, ही तिची सवय होती. वकील काय विचारतील? भरण कशावर शिकलं, हे विचारतील. तिनं ते तपासलं. माणसांच्या हालचालींसाठी चित्रफितींचा जो साठा विकत घेतला होता त्यात मारामाऱ्या होत्या, दंगली होत्या, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या हाणामाऱ्या होत्या. लांब झालेला हात आणि पडणारा माणूस, म्हणजे धक्का. दुसरं काही त्या बिचाऱ्या यंत्रानं पाहिलंच नव्हतं.

तिनं दुसरा साठा मिळवला. डोंगर चढणारे, पुरातून माणसं काढणारे, कबड्डी खेळणारे. त्यावर भरण पुन्हा शिकवलं आणि तेच ठिपके त्याला दिले.

या वेळी झुकल्या खांद्याच्या माणसानं हात लांब केला, पडणाऱ्याचा दंड धरला आणि जीव खाऊन मागं ओढलं. हातातून दंड निसटला. तो माणूस गुडघ्यावर आला आणि कडेवरून खाली वाकला.

 ही चित्रफीतही पहिलीइतकीच स्वच्छ होती. हिच्यातही पाचही बोटं दिसत होती.

तेव्हा तिनं भरण बंदच करून टाकलं आणि जे खरोखर कॅमेऱ्यानं पाहिलं होतं तेवढंच, ठिपक्यांचं ओबडधोबड चित्र, सुरुवातीपासून सावकाश बघायला घेतलं. आतापर्यंत तिची नजर त्या शेवटच्या क्षणाला अशी खिळली होती, की त्याच्या आधीचं तिनं नीट पाहिलंच नव्हतं. आधी कडेवर एकच आकृती होती. तुषार. त्याचा हात डोक्याच्या वर, मागं ओढलेला होता. मग हात पुढं आला, आणि एक काळा ठिपका हातातून सुटून मोठा होत घुबडाकडे आला. त्याच क्षणाला घुबडाचं बुबुळ ताणलं गेलं होतं, पापण्या पूर्ण उघडल्या होत्या. हात पुन्हा वर गेला. आणि तेव्हा दुसरी आकृती मागून धावत आली.

दगड. तुषार घुबडाला दगड मारत होता.

का, ते उर्मिलेला कुणी सांगायला नको होतं. पंख पसरून कपारीतून झेपावणारं शृंगी घुबड, मावळतीचं ऊन त्याच्या अंगावर, असा एक फोटो मिळावा म्हणून माणसं काय काय करतात हे तिला माहीत होतं. कॅमेरा आपोआप चालण्यावर ठेवून तो लपणातून बाहेर का पडला होता, तेही आता उघड होतं. पिल्लं असल्यामुळे मादी उडाली नाही, एवढंच. आणि हाच तुषार शाळाशाळांतून मुलांना सांगायचा, की घरट्यापासून लांब राहा. त्याच्या नावानं दर वर्षी एक पुरस्कार दिला जात होता, तो पक्ष्यांना त्रास न देता काढलेल्या फोटोला. आई व्यासपीठावर बसून तो स्वतःच्या हातानं द्यायची.

त्या संध्याकाळी उर्मिला संस्थेच्या आवारात बराच वेळ फेऱ्या मारत होती. सगळं खरं दाखवायचं तर दगडही दाखवावा लागेल. दगड लपवायचा तर प्रल्हाद धावत का आला हे कुणालाच कळणार नाही. आणि काहीच दाखवलं नाही तर डॉ. फडतरे दाखवतील, पहिली चित्रफीत त्यांनी त्याच दिवशी मागून घेतली होती.

शुक्रवारी तीन अधिकारी आले. डॉ. फडतऱ्यांनी प्रस्तावना केली आणि उर्मिलेकडे पाहून मान हलवली. तिनं पहिली चित्रफीत दाखवली.  मग लगेच दुसरी दाखवली.

“यातली खरी कोणती?” अधिकाऱ्यांतल्या वयस्क बाईंनी विचारलं. त्यांचं नाव तडवी होतं.

“मला माहीत नाही,” उर्मिला म्हणाली. “यंत्रालाही माहीत नाही. त्याला जे शिकवलं ते त्यानं भरलं. खरे आहेत ते एवढेच ठिपके.” आणि तिनं भरणाशिवायचं चित्र पडद्यावर आणलं. “यावरून मी इतकंच सांगू शकते, की तिथं दोन माणसं होती आणि एकाचा हात दुसऱ्यापर्यंत गेला. हात काय करत होता ते यात नाही. यावर कुणाला फाशी देऊ नका.”

डॉ. फडतरे मधे काही बोलू पाहत होते, पण तडवीबाईंनी हात वर केला. त्यांनी विचारलं, की हे प्रकरण कुठलं. उर्मिलेनं सांगितलं. आपला भाऊ आहे हेही सांगितलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, की आता त्यांना हे कळलं आहे आणि कळलेलं विसरता येणार नाही. चौकशी होणारच. पण तो दुसरा माणूस आपल्या पायांनी पोलिसांकडे आला तर त्याला अर्थ वेगळा राहील. सोमवारपर्यंत त्या काही लिहिणार नाहीत.

अधिकारी गेल्यावर डॉ. फडतऱ्यांनी आवाज न चढवता तिला सांगितलं, की तिनं संस्थेचं पाच वर्षांचं काम एका दुपारी बुडवलं. तिनं ते नाकारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरळ प्रल्हादच्या दुकानात गेली. पाइपांच्या भेंडोळ्यांमधून वाट काढत मागच्या खोलीत गेली आणि टॅब त्याच्यासमोर ठेवला. तिनं मुद्दामच भरणाशिवायचं चित्र ठेवलं होतं. हे घुबडाच्या डोळ्यातलं आहे, एवढंच सांगितलं. प्रल्हादनं ते एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा त्याला बघवलं नाही.

मग तो बोलला. भिंतीकडे बघत, थांबत थांबत. फलटणहून तो दुपारीच परतला होता आणि थेट खाणीवर गेला होता. लपणात तुषार नव्हता. वाकणाशी गेला तर तुषार दगड मारत होता. पहिला दगड कपारीखाली लागला. प्रल्हादनं ओरडून थांब म्हटलं. तुषार हसला आणि म्हणाला, एकच, उडाली की झालं. त्यानं दुसरा दगड उचलला तेव्हा प्रल्हादनं धावत जाऊन त्याचा हात धरला.

“मी त्याला मागं ओढलं ताई. त्यानं हात झटकला. रागानं झटकला. माझ्या हातात बाही राहिली, मग तीही राहिली नाही.”

उर्मिला ऐकत होती. धक्का नव्हता आणि वाचवणंही नव्हतं. यंत्रानं रंगवलेली दोन्ही चित्रं खोटी होती. जे झालं ते तिसरंच होतं, आणि ते कुठल्याच साठ्यात नव्हतं. निदान प्रल्हाद तसं सांगत होता. ते मानायचं की नाही, हे आता तिचं तिलाच ठरवायचं होतं. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मानलं.

“सांगितलं का नाहीस?” तिनं विचारलं.

“कडेवर आम्ही दोघंच. माझाच हात लागलेला. कोण ऐकणार होतं?” तो म्हणाला. “आणि नंतर काकूंनी पुरस्कार सुरू केला. मग सांगायचं म्हणजे दगडाचंही सांगायचं. ते मला होईना.”

पोलिसांकडे जायच्या आधी आईला सांगायचं, असं दोघांचं ठरलं. आई अंगणात तुळशीपाशी बसली होती. प्रल्हाद तिच्या समोर खाली बसला आणि त्यानं सांगितलं. पण सांगताना दगड गाळला. कड्यावर आमची झटापट झाली, तो पडला, चूक माझी, एवढंच म्हणाला. आईचा चेहरा दगडासारखा झाला. झटापट कशावरून, असं तिनं विचारलं. प्रल्हाद गप्प राहिला.

उर्मिलेला वाटलं, आता आपणही गप्प राहिलो तर कुणाचं काही जात नाही. तुषारचं नाव तसंच राहील, आई दर वर्षी व्यासपीठावर बसेल. फक्त हा माणूस उरलेला जन्म आईच्या डोळ्यांत खुनी म्हणून जगेल, आणि तेही मुकाट्यानं.

“आई,” ती म्हणाली, “तुषार घरट्यावर दगड मारत होता. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून. हा त्याला थांबवत होता. मी पाहिलंय.”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या.

“तो सकाळी सापडला,” अखेर ती म्हणाली. “मेंढरंवाल्याला. तू घरी कधी गेलास?”

“सकाळीच, काकू. मेंढरं येताना दिसली तेव्हा.”

“म्हणजे?”

“खाली उतरलो होतो. तो गेलेलाच होता, पडल्या पडल्याच. मग तिथून उठवेना. त्याच्याजवळ बसून राहिलो.”

आईनं डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनीच तिनं सांगितलं, की त्यानं आता जावं, आणि ती बोलावेपर्यंत या घरात येऊ नये. उर्मिलेला म्हणाली, तू जा त्याच्याबरोबर. पोलिसांत एकट्यानं जाऊ नये माणसानं.

प्रल्हादनं जबाब दिला. त्याला त्या दिवशी घरी सोडलं, पण चौकशी सुरू झाली. गावात बोलणं सुरू झालं, आणि दुकानातलं गिऱ्हाईक तुटलं. पुरस्काराच्या समितीनं आईला विचारलं तेव्हा तिनं तो बंद करायला सांगितलं; ज्यांनी कारण विचारलं त्यांना कारणही सांगितलं. तिकडे संस्थेनं बिंबचं काम दुसऱ्याकडे सोपवलं. उर्मिलेनं जाण्यापूर्वी एकच मागितलं. भरणानं रंगवलेल्या प्रत्येक चित्रावर ‘हा अंदाज आहे’ असं लिहिलेलं असावं. ते मान्य झालं, पण अक्षर फार बारीक ठेवलं गेलं.

काही आठवड्यांनी तडवीबाईंचा फोन आला. प्रल्हाद रात्रभर तिथं बसला होता या म्हणण्याला काही आधार आहे का, असं त्या विचारत होत्या. कार्डावरचे उरलेले फोटो उर्मिलेनं पाहिले नव्हते. पाहायचं धाडस झालं नव्हतं. आता तिनं ते घेतले. घुबड पुन्हा पुन्हा मान वळवत होतं आणि कॅमेरा बॅटरी संपेपर्यंत फोटो काढत राहिला होता. उजेड उतरत गेला होता, बाहुल्या मोठ्या होत गेल्या होत्या. शेवटचे फोटो दिवेलागणीचे होते. पूर्ण अंधार व्हायच्या आधीचे. घुबड खाली बघत होतं, खाणीच्या तळाकडे.

तिनं ते फोटो एकावर एक जुळवले आणि भरणाला हात लावला नाही. राखाडी तळावर दोन काळपट डाग होते. एक आडवा, एक उभट, बसलेला. रात्रभराची ग्वाही त्यात नव्हती, पण अंधार पडेपर्यंतची होती. तसंच तिनं तडवीबाईंना लिहून कळवलं. जास्त नाही, कमी नाही.

आईला हे कळलं तेव्हा तिनं ते चित्र मागितलं. उर्मिला म्हणाली, की त्यात बघण्यासारखं काही नाही, नुसते डाग आहेत. आई म्हणाली, डाग तर डाग, आण.

दुपारच्या उजेडात, खिडकीपाशी, आईनं टॅब जवळ धरला, मग लांब धरला. यातला तुषार कुठला, तिनं विचारलं. उर्मिलेनं आडव्या डागावर बोट ठेवलं. आईनं त्याच्यावरून अंगठा फिरवला. चित्र मोठं झालं आणि आणखीच धूसर झालं.

“हा त्याच्यापासून किती लांब बसलाय?”

उर्मिलेनं मनात हिशेब केला. या एका गोष्टीला अंदाजाची गरज नव्हती.

“हात पोचेल एवढा, आई.”

आईनं दोन्ही डागांवर एकेक बोट टेकवलं. मग तिनं टॅब परत दिला आणि खिडकीबाहेर नजर लावली.

“प्रल्हादला बोलाव,” ती म्हणाली. “ती रात्र कशी गेली, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.”